पिशवीतलं ताट

कराडच्या स्टेशनात मी जन्मभर एका गाडीची पाटी वाचत आले. एका टोकाला कोल्हापूर, दुसऱ्या टोकाला गोंदिया. कोल्हापूर आमचं घरचंच. पण गोंदिया म्हणजे नुसतं पाटीवरचं नाव. तिथं माणसं राहतात, जेवतात, लेकी वाढवतात, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग दोन हजार नऊ सालच्या हिवाळ्यात आमच्या प्रशांतनं सांगितलं की त्याला लग्न करायचंय, मुलगी पुण्यात नर्स आहे आणि तिचं गाव गोंदिया जिल्ह्यात नवेगाव बांधजवळ आहे. नाव वैशाली. आणि मग माझ्या तोंडाकडं न बघता म्हणाला, ते लोक बौद्ध आहेत.

आम्ही मराठे. पुढं काय काय झालं ते लिहीत बसत नाही. नणंदबाई येऊन रडून गेल्या एवढंच सांगते. पोरं मात्र गुणाची निघाली. दोघांनी ठरवलं होतं की दोन्ही घरं हो म्हणतील तेव्हाच लग्न करायचं, पळून जायचं नाही. म्हणजे सगळं ओझं आमच्या डोक्यावर. आमचे हे कमी बोलणारे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू जाऊन ये. त्यांच्या घरी पोटभर जेवून आलीस तर माझी काही हरकत नाही."

हे मलाच का, तर मी बावीस वर्षं खानावळ चालवली. बँकेतले कारकून, कॉलेजची पोरं, एसटीचे कंडक्टर, सगळे माझ्या हातचं जेवून गेले. घर कसं आहे ते मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून कळतं, असा माझा तोरा होता. प्रशांतला म्हटलं, तू येऊ नकोस, तू असलास की ते पाहुणचार करतील आणि मला काहीच दिसणार नाही. सातारी कंदी पेढे घेतले, वाटेसाठी भाकरी आणि ठेचा घेतला, आणि पिशवीच्या तळाशी नेहमीप्रमाणं माझं ताट ठेवलं.

या ताटाबद्दल आधीच सांगते, कारण पुढं सगळं त्याच्यावरूनच झालं. स्टीलचं, काठाचं, वर नाव कोरलेलं: 'सुमतीस, आईबाबांकडून'. मी घराबाहेर कुठंही जाते तेव्हा ते बरोबर असतं. खानावळवालीला ठाऊक असतं की गर्दीच्या वेळी मागच्या बाजूला ताटं कशी धुतात. एका टबात चाळीस ताटं, पाणी तेच. माझ्याकडंही कधीकधी तसं झालंय, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून परक्या ताटात घास उतरत नाही. पोरं हसतात, हे हसतात, मला काही वाटत नाही.

गोंदिया

वैशाली मला घ्यायला स्टेशनावर आली होती. आठ दिवसांची रजा काढून माझ्या आधीच गावी पोचली होती. सावळी, किडकिडीत, बोलायला मोकळी. माझी जड पिशवी तिनं न विचारता घेतली आणि म्हणाली, "काकू, आधी खाऊन घेऊ. बस दुपारची आहे."

गोंदियात शिरलं की आपण महाराष्ट्रात आहोत का, असा प्रश्न पडतो. रिक्षावाला हिंदीत, भाजीवाली हिंदीत, आणि मी मराठीत विचारलं तर समोरचा मराठीत सुरुवात करून अर्ध्यावर पुन्हा हिंदीत जातो. बाजारातल्या एका दुकानात पोहे खाल्ले. आमच्याकडं पोह्यावर खोबरं-कोथिंबीर येते. इथं हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या घासाला वाटलं, बरं लागतंय की. तिसरी वाटी तर्री मी स्वतःच मागून घेतली. बावीस वर्षांत हे आपल्याला सुचलं कसं नाही म्हणून हळहळले.

बारा वाजायच्या आतच एका भोजनालयात बसलो. वेटर स्टीलची थाळी आणून ठेवतोय तोवर मी पिशवीतून माझं ताट काढलं, पदरानं पुसलं आणि समोर ठेवलं. वेटर म्हातारासा, मिश्या पांढऱ्या. त्यानं माझ्या ताटाकडं पाहिलं, स्वतःच्या थाळीकडं पाहिलं. "माताजी, हमारी थाली में कुछ कमी है क्या?" मी म्हटलं, कमी काही नाही, मला सवय आहे. वैशाली तोंडावर ओढणी धरून हसत होती. प्रशांतनं तिला ताटाचं सांगितलेलं होतं.

आणि मग भात आला. नुसता आला नाही, डोंगर आला. मी थांबले. पोळी येईल, भाजी-पोळी खाऊ, मग शेवटी दोन घास भात, असा माझा हिशेब. वेटरही थांबला. मी जेवत का नाही ते त्याला कळेना, पोळी का येत नाही ते मला कळेना. शेवटी वैशालीनं सांगितलं की इथं भातच जेवण असतं, पोळी मागावी लागते. पोटात कावळे कोकलत होते, म्हटलं चला. वरण घालून जेवले. तांदूळ इतका गोड होता की वरून मीठ-लिंबू काही लागलं नाही.

नवेगाव बांध

बसनं कोहमाऱ्याच्या फाट्यापर्यंत, तिथून दुसरी गाडी. दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं, मध्येच साग आणि मोहाची झाडं, आणि दर थोड्या अंतरानं पाणी. इतकी तळी मी एका दिवसात कधी पाहिली नव्हती. आमच्याकडं पाणी म्हटलं की कॅनॉल नाहीतर मोटार. इथं ते कुठंही निवांत पडलेलं असतं.

वैशालीचं घर नवेगावच्या पुढं एका लहानशा टोलीवर, म्हणजे वस्तीवर. शेणानं सारवलेलं अंगण, कौलं, दारावर पंचशीलाचा झेंडा. तिचे वडील सुखदेवभाऊ फाटकात उभे होते. दोन एकर धान, बाकीच्या दिवसांत जंगलखात्याच्या कामावर मजुरी. त्यांनी "जयभीम" केला, मी नमस्कार केला, आणि मग त्यांनी भाताचाच विषय काढला. गोंदियातली भाताची गंमत वैशालीनं फोनवर सांगितली होती. ते म्हणाले, "काऊन बाई, भात शेवटाले खाता म्हंजे भूक सरल्यावर खाता का?" खरंच, आम्ही असं का करतो कोण जाणे.

वैशालीची आई यमुनाबाई आतून आली. माझ्याच वयाची, ठेंगणी, मनगटं मजबूत. ती मनगटं मी ओळखली. मोठी भांडी उचलणाऱ्या बाईची असतात तशी. वस्तीवरच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवण्याचं काम ती करते, हे प्रशांतनं सांगितलं होतं. पेढे हातात घेतले, माठातलं पाणी दिलं, पण फार बोलली नाही. मला वाटलं, लाजाळू असेल. आपण परीक्षा घ्यायला आलोय ना, घाबरली असेल बिचारी. केवढा माझा अक्कलहुशारीचा डौल.

स्वयंपाकाची खोली बघून मात्र मी गार झाले. चूल पांढऱ्या मातीनं पोतलेली, भांडी घासून चकचकीत, फळीवर ताटं उतरत्या क्रमानं उभी. चुलीवर तळ्यातले झिंगे, आपली बारीक कोळंबी, वांग्यात शिजत होते. कोचईच्या पानांच्या वड्या, म्हणजे आपल्या अळूवड्या, पण तळून पुन्हा रश्शात सोडलेल्या. जवसाची चटणी. आणि नव्या चिन्नोर तांदळाचा भात. झाकण काढलं तर वास अंगणापर्यंत गेला. माझ्यासाठी म्हणून गव्हाच्या पोळ्याही केल्या होत्या, ज्या त्यांच्याकडं सणावारी होतात.

मला भूक लागली होती आणि मी खुशीत होते, एवढीच काय ती माझी सबब. पाट मांडले, यमुनाबाईनं फळीवरचं सगळ्यात मोठं ताट माझ्यासमोर ठेवलं, आणि मी बावीस वर्षांच्या सवयीनं पिशवीत हात घातला, माझं ताट काढलं, पदरानं पुसलं आणि तिचं ताट बाजूला सारून तिथं ठेवलं.

सुखदेवभाऊंचा हात पाण्याच्या तांब्यावर तसाच राहिला. मला अजून कळलं नव्हतं. मी वर पाहिलं तर वैशालीचा चेहरा पांढरा पडलेला. ती घाईनं म्हणाली, "आई, काकू सगळीकडंच असं करतात. गोंदियाच्या हॉटेलातसुद्धा..."

"हॉटेलात काढत असतील," यमुनाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हे हॉटेल होय का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताट पिशवीत परत कोंबलं, तिचं ताट ओढून घेतलं, काहीबाही पुटपुटले. यमुनाबाईनं सगळं नीट वाढलं. झिंगे दोनदा वाढले, पोळीवर तूप घातलं, आग्रह केला. जेवण इतकं सुंदर होतं आणि मला एकेक घास गिळताना त्रास होत होता. पोटभर जेवून ये म्हणाले होते हे. मी अर्धपोटी उठले.

हात धुताना तिनं माझ्या हातावर पाणी घातलं. आसपास कुणी नव्हतं. तिनं विचारलं, "एक इचारू का बाई? मायी पोरगी तुमच्या घरी कोनत्या ताटात जेवंन?"

टबाचं आणि चाळीस ताटांचं कारण त्या घडीला माझं मलाच खोटं वाटलं. ती लाजाळू नव्हती आणि घाबरलेलीही नव्हती. परीक्षा घ्यायला मी आलेच नव्हते, द्यायला आले होते, आणि पहिल्याच प्रश्नाला नापास झाले होते. तिनं तांब्या ठेवला आणि आत गेली.

उन्हं उतरताना सुखदेवभाऊ मला तळं दाखवायला घेऊन गेले. केवढं पाणी ते. मधोमध बदकांचे थवे, लांब डोंगर, काठानं होड्या ओढून ठेवलेल्या. एरवी मी तिथं तासभर रमले असते. त्यांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. फक्त बायकोची एक गोष्ट सांगितली. यमुनाबाई शाळेत खिचडी शिजवायला लागली तेव्हा काही घरांनी पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. पोरं आपापले डबे घेऊन वेगळी बसायची. ती रोज त्यांच्या वाट्याचीही खिचडी शिजवायची आणि उरलेली परत घरी आणायची. एक महिना गेला. मग पोरांनाच राहवेना, एकेकजण डबा बंद करून रांगेत येऊन बसू लागला. आज त्याच घरांतल्या बायका तिला बारशाच्या स्वयंपाकाला बोलावतात. "तिनं कोनाले काई म्हनलं नाई," ते म्हणाले. "पन डबा पायला का तिले आजबी आठवते." माझं ताट म्हणजे तसलाच एक डबा होता.

शाळेतली चूल

सकाळी यमुनाबाई शाळेत निघाली तेव्हा मी न विचारता तिच्याबरोबर निघाले. तिनं नको म्हटलं नाही, या म्हटलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये दोन दगडी चुली, एक अजस्र पातेलं. मी पदर खोचला, तांदूळ निवडले, कांदा चिरला. माझा कांदा चिरायचा वेग बघून तिनं एकदा मान वळवली. तेवढ्यावर मी खूश झाले.

मग लुडबुड केलीच. फोडणीत मीठ घालायला गेले, तिनं हात धरला. ती मीठ पाण्यात विरघळवून शेवटी घालते, म्हणजे सगळीकडं सारखं लागतं. मी मोठ्या उलथन्यानं पातेलं ढवळायला घेतलं, खानावळीतल्यासारखं, खालून वर. तिनं थोडा वेळ सहन केलं.

"काऊन घाटून राहिल्या? मोडते ना शीत. शिजू द्या त्याले."

मी उलथनं ठेवलं. धूर डोळ्यांत जात होता, त्याचा फायदा घेऊन बोलून टाकलं. ताटाबद्दल नाही बोलले. आमच्या घरच्या कपबशीबद्दल बोलले. मी लग्न होऊन आले तेव्हा मागच्या दारी खुंटीला एक कपबशी वेगळी टांगलेली असायची. शेतावर कामाला येणाऱ्या एका बाईसाठी. सासूबाई तिला वरून चहा ओतायच्या, ती पिऊन धुऊन पुन्हा टांगायची. मी रोज बघत होते. सासूबाई गेल्यानंतरही कपबशी तिथंच होती. मी खानावळ काढली, शंभर तऱ्हेची माणसं माझ्या घरात जेवली, आणि ती कपबशी खुंटीला. एक दिवस फुटली. मी नवी आणली नाही. त्या बाईला घरातल्या कपात चहा दिला आणि स्वतःला फार चांगली समजले.

यमुनाबाई चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. "फुटली म्हनता?"

"फुटली."

"फोडली नाई."

"नाही," मी म्हटलं. "फोडली नाही."

इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आमच्या ह्यांनाही नाही. पोरं वर्गात पाढे म्हणत होती ते ऐकू येत होतं. यमुनाबाईनं झाकण काढलं, डावभर खिचडी घेतली, फुंकर घातली आणि चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली. "मीठ पाहा बरं."

मीठ बरोबर होतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम आहे," आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. मग आम्ही दोघी कामाला लागलो. पोरांना रांगेत वाढलं, खाली बसून भांडी घासली, आणि घासता घासता मोठ्या स्वयंपाकातल्या चोरट्या युक्त्या एकमेकींना सांगितल्या. डाळ करपली तर काय करायचं, याबद्दल तिची युक्ती माझ्यापेक्षा सरस निघाली. ती इथं फोडत नाही.

घरी आलो तेव्हा दीड वाजला होता. सुखदेवभाऊंनी सकाळी तळ्यावरून मरळ मासळी आणली होती. वैशालीनं रस्सा केला होता, लाल, पातळ, वर लसणाचा वास. पाट मांडले. मी गुपचूप बसले आणि यमुनाबाईच्या हातात माझ्यासाठी ताट येण्याची वाट बघू लागले. ती आली, पण रिकाम्या हातानं.

"तुमचं ताट काढा," ती म्हणाली.

मला वाटलं, झालं, कालचं अजून गेलेलं नाही. ताट मी लुगड्यांच्या खाली अगदी तळाशी दडवलं होतं. काढलं आणि जमिनीवर ठेवलं. तिनं ते उचललं, कोरलेलं नाव बोटानं चाचपत वाचलं, माझ्या आईवडिलांचं विचारलं. दोघंही गेली म्हटलं. मग तिनं ताट खाली ठेवून त्यात भात वाढला. एका माणसाला लागेल त्याहून पुष्कळ जास्त. त्यावर रस्सा ओतला, मरळीचे तुकडे मांडले. आणि पाट ओढून माझ्यासमोर बसली, बाही सरकवली, आणि माझ्या ताटात तिच्या बाजूनं भात कालवायला घेतला.

वैशाली पळी हातात धरून उभी होती, ती तशीच उभी राहिली. मी माझ्या बाजूनं कालवलं. दोघींचे हात मध्ये एकदा लागले. यमुनाबाईनं पोटाकडचा चांगला तुकडा माझ्या बाजूला सरकवला आणि म्हणाली, काटे पाहून खा. मी खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचा आळ तिखटावर घालता येईल इतका रस्सा तिखटही नव्हता. भात संपला तेव्हा तिनं आणखी वाढला, तोही संपवला. इतकं मी आयुष्यात कधी जेवले नव्हते. आणि भात पहिल्यापासून शेवटपर्यंत.

संध्याकाळच्या गाडीसाठी पिशवी भरायला घेतली. चिन्नोर तांदूळ, जवसाची चटणी, वाळवलेल्या मोहफुलांची पुरचुंडी, सुखदेवभाऊंनी काय काय दिलं. धुतलेलं ताट यमुनाबाईच्या हातात होतं. मी हात पुढं केला, तिनं ताट दिलं नाही. स्वयंपाकाच्या खोलीत गेली आणि फळीवर आपल्या ताटांच्या रांगेत, उंची बघून जागा करून, ते उभं केलं.

"हे राहू द्या इथंच, ईनबाई," ती म्हणाली. त्यांच्याकडं विहिणीला असं म्हणतात. "पोरगी येईन तवा संगं आनंन."

कराड

हे स्टेशनावर घ्यायला आले होते. तब्येत विचारली, गाडीला उशीर का झाला विचारलं, मूळ गोष्ट काही विचारेनात. पिशवी हातात घेतली, तोलून पाहिली, आणि जिन्यापाशी आल्यावर म्हणाले, "पोटभर जेवलीस का?"

"जेवले."

चार पायऱ्या चढून गेले आणि थांबले. पिशवी पुन्हा चाचपली. "ताट कुठाय तुझं? विसरलीस?"

म्हटलं, "विसरेन कशी? सून घेऊन येणार आहे."